मुक्कामावरचे दुकान

तंबू, राहुट्या किंवा साध्या झोपड्यांमध्ये सुट्टीच्या एक-दोन रात्री काढण्याची जी सोय वनविभाग, पर्यटन महामंडळ किंवा एखादा खासगी चालक करून देतो, तिला आता सर्रास ‘कॅम्पिंग’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘मुक्काम’ हा जुनाच शब्द योजला आहे. अशा मुक्कामाच्या आवारात पर्यटकांसाठी दुकान असावे की नसावे, हा प्रश्न वरवर पाहता चहा-बिस्किटांचा वाटतो. परंतु मुक्काम रानात असेल, आणि महाराष्ट्रात तो बहुधा रानातच असतो, तर या प्रश्नात पर्यटकाची गरज, जंगलाची सहनशक्ती आणि शेजारच्या गावाचे उत्पन्न अशा तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आढळतात.

गिरणाकाठच्या भडगावहून सुट्टीसाठी निघणाऱ्या कुटुंबाला या प्रश्नाची निरनिराळी रूपे आपल्या खानदेशातच पाहावयास मिळतात. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर असलेले पाटणादेवी हे ठिकाण १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडते. चंडिकेचे प्राचीन मंदिर, केदारकुंडाचा धबधबा आणि जवळची पितळखोरे लेणी यांमुळे तेथे भाविक, विद्यार्थी आणि वनप्रेमी असे तिन्ही प्रकारचे लोक येतात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख याच परिसरात सापडला, म्हणजे बाहेरगावाहून येऊन मुक्काम करण्याची येथील परंपरा किमान आठशे वर्षांची तरी ठरते. रावेर तालुक्यातील पाल हे सातपुड्याच्या कुशीतील ठिकाण यावल अभयारण्याशी निगडित आहे, तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात डोंगरमाथ्यावर आहे, आणि तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा अलीकडे चेतक महोत्सवाच्या निमित्ताने तंबूंचे एक गावच उभे राहते. या चारही ठिकाणांना एकच नियम लावणे शहाणपणाचे नाही, आणि दुकानाविषयीच्या बहुतेक चर्चा नेमक्या येथेच फसतात.

यात्रेतील मुक्काम आणि रानातील मुक्काम यांत मूलभूत फरक आहे. सारंगखेड्यास किंवा अमळनेरच्या बोरी नदीच्या पात्रात भरणाऱ्या संत सखाराम महाराजांच्या यात्रेस बाजार हा मुक्कामाचा भागच असतो. लोक जितके दर्शनासाठी येतात तितकेच खरेदीसाठीही येतात, आणि एकाच मालाचे अनेक विक्रेते शेजारी शेजारी बसलेले असल्याने भाव आपोआप आटोक्यात राहतो. पंढरीच्या वारीतही हेच दिसते. दिंडी आपला शिधा, भांडी आणि स्वयंपाकी बरोबर घेऊन चालते, तरीही पालखीच्या मुक्कामी फिरते विक्रेते पाल ठोकून बसतात, आणि वारकरी ज्याच्याकडून परवडेल त्याच्याकडून घेतो. अभयारण्यातील मुक्कामावर मात्र एकच दुकान असू शकते, आणि रात्री आठ वाजता मीठ संपलेल्या कुटुंबापुढे त्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. अशा गिऱ्हाइकाला अर्थशास्त्रात बांधील ग्राहक म्हणतात. ‘अडला हरी’ ही म्हण ज्यांच्या ओठांवर आहे त्यांना ही संज्ञा निराळी समजावून देण्याची गरज नाही.

अडलेल्या ग्राहकाचे रक्षण करणारा कायदा आहे. मात्र त्याचे परिणाम सरळ नाहीत. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा अधिक पैसे घेणे हा गुन्हा आहे. हॉटेल-उपाहारगृहांत बसवून सेवा देताना तो निर्बंध लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला असला, तरी साध्या दुकानाला ती सवलत मिळत नाही. आता चाळीसगावच्या घाऊक बाजारातून रानापर्यंत माल आणण्याचा खर्च दुकानदाराने कोठून काढावा? छापील किमतीवर तो चढवता येत नाही, म्हणून ज्या मालात नफ्याचे प्रमाण मुळातच थोडे असते तो माल, म्हणजे दूध, साखर, तांदूळ, साबण, हळूहळू फळीवरून नाहीसा होतो आणि त्याची जागा अधिक नफ्याची वेफर्सची पाकिटे व शीतपेये घेतात. पर्यटकाच्या गरजेसाठी उघडलेले दुकान अशा रीतीने गरजेच्या वस्तूंकडेच पाठ फिरवते, आणि त्यात दुकानदाराची लबाडी असावी लागते असेही नाही.

यात भर पडते ती नाशवंतपणाची. रानातील मुक्कामाला गर्दी होते ती शनिवार-रविवारी, पावसाळ्यात धबधबे वाहू लागल्यावर आणि नवरात्रात. मंगळवारी-बुधवारी तेथे शुकशुकाट असतो आणि वैशाखात खानदेशचे ऊन ४४-४५ अंशांवर जाते तेव्हा तर आठवडेच्या आठवडे कोणी फिरकत नाही. आठवड्यात दोन दिवस गिऱ्हाईक असणाऱ्या दुकानात भाजी, पाव, दही ठेवले तर ते सडते, आणि म्हणून महिनोन्‌महिने टिकणारा, पाकीटबंद मालच तेथे ठेवणे भाग पडते. मुक्कामाच्या दुकानांतून कचरा निर्माण होतो तो केवळ पर्यटकांच्या बेशिस्तीमुळे नव्हे. विक्रीचा हा विषम ताल दुकानदाराला पाकिटाकडे ढकलतो, आणि पाकीट आले की कचरा आला.

त्या कचऱ्याचेही दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला भंगारवाल्याकडे किंमत असते, म्हणून ती कोणीतरी वेचून नेतो. परंतु प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या, म्हणजेच बहुस्तरीय, वेष्टनाला कोणी विचारत नाही, कारण हे थर वेगळे काढणे परवडत नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये आणि केंद्राने जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली, तरी कारखान्यातून भरून येणारी ही खाऊची पाकिटे तिच्या कक्षेबाहेरच राहिली. त्यांतील उरलेसुरले मीठ-मसाले माकडांना ओढून आणतात. एकदा आयत्या खाण्याची चटक लागलेले वानर झाडपाला सोडून तंबूंभोवती घोटाळू लागते, पिशव्या हिसकावते, आणि मग माणसे त्यालाच उपद्रवी ठरवतात. हे जंगलाचे नुकसान पैशांत मोजता येत नाही, पण ते खरे आहे आणि टाळण्यासारखे आहे.

मग दुकान नकोच, असे म्हणावे काय? ज्यांच्या दाराशी चारचाकी उभी असते त्यांना असे म्हणणे सोपे जाते, कारण भडगावहून निघताना डिकीत पाण्याचे जार, शेगडी आणि चार दिवसांचा किराणा भरता येतो. एस.टी.ने येणारी चार माणसे, त्यांच्यातील तान्हे मूल आणि गुडघे धरलेली आजी यांना तो सल्ला लागू पडत नाही. दुकान बंद करण्याचा निर्णय अशा वेळी गाडीवाल्यांच्या सोयीचा आणि बसने येणाऱ्यांच्या गैरसोयीचा ठरतो. तोरणमाळसारख्या ठिकाणी तर शहाद्याहून डोंगर चढून आल्यावर विसरलेली वस्तू आणायला परत उतरणे कोणालाच जमत नाही. तेथे दुकान ही चैन नसून गरज आहे. अंतर हा या प्रश्नातील पहिला निकष मानला पाहिजे. गाव हाकेच्या अंतरावर असेल तर दुकान गावात असावे, गाव दूर असेल तर मुक्कामावर.

दुसरा निकष विकायच्या वस्तूंचा आहे, आणि त्यात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली वस्तू म्हणजे इंधन. अभयारण्यातून वाळलेले लाकूडसुद्धा उचलण्यास मनाई असते, परंतु ज्याच्याकडे शेगडी नाही आणि ती मिळण्याची सोयही नाही, तो पर्यटक अंजनाची फांदी मोडतो व दगडांची चूल मांडतो. पानगळीच्या रानात फाल्गुन-चैत्रात वाळक्या पाचोळ्याचा थर साचलेला असताना अशा एका चुलीतून वणवा पेटू शकतो. पाच किलोची लहान गॅसटाकी आणि शेगडी भाड्याने देणारे एक कपाट मुक्कामावर असेल, तर ते दुकान जंगलाच्या राखणीचे काम करते. पिण्याच्या पाण्याचेही तसेच आहे: स्वच्छ, गाळलेल्या पाण्याचा एक भरवशाचा नळ बसवला की बाटलीबंद पाण्याच्या विक्रीचे मोठे कारणच उरत नाही. प्रथमोपचाराची पेटी, विजेरी, काडेपेटी, मीठ, जलसंजीवनीची पुडी आणि डास पळवणारे मलम एवढा माल एका कपाटात मावतो, आणि ते कपाट मुक्कामाच्या रखवालदाराकडे असले तरी चालते.

दुकाने हलवता येतात, आणि हलवल्याने जागेला मोकळा श्वास मिळतो, याचा पडताळा खानदेशच्या सीमेवरच मिळतो. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी पूर्वी असलेली दुकाने जपानच्या कर्जसाहाय्याने राबवलेल्या अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि विकास प्रकल्पात सुमारे चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या तिठ्यावर, बाजारसंकुल उभारून तेथे नेण्यात आली; खासगी वाहनेही तेथेच थांबतात आणि पुढचे अंतर बसने कापावे लागते. या व्यवस्थेत उणिवा आहेत, कारण लेणी पाहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला बाजारातून वाट काढावी लागते व विक्रेत्यांचा आग्रह काहींना जाचक वाटतो. पण वाघूर नदीच्या त्या घळीत आज जी शांतता आहे ती या स्थलांतराशिवाय लाभली नसती. विक्री थांबली नाही, फक्त तिची जागा बदलली, आणि ती बदलल्यामुळे धूर, गोंगाट व उष्टे-खरकटे लेण्यांपासून दूर राहिले.

अमेरिकेत हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. योसेमिटीच्या खोऱ्यात करी दांपत्याने १८९९ साली काही तंबू उभारून खासगी मुक्काम सुरू केला आणि त्याभोवती भोजनगृहे व दुकाने वाढत गेली. अखेर १९६५ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांतील अशा व्यवसायांना ‘आवश्यक आणि उचित’ या दोन शब्दांची मर्यादा घातली. आवश्यक म्हणजे ज्यावाचून भागत नाही ते, उचित म्हणजे ज्याने जागेचे स्वरूप बिघडत नाही ते. दुकान या दोन्ही कसोट्यांना उतरले पाहिजे. आपल्याकडील अभयारण्यांत व्यापारी पर्यटनगृहे किंवा हॉटेले बांधण्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वसंमती लागते. परंतु बांधकामाची परवानगी ही एक गोष्ट आणि फळीवर काय ठेवावे हे ठरवणे ही दुसरी, आणि दुसरीकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

तिसरा निकष मालकीचा आहे. पर्यटकाने खर्च केलेल्या पैशातील जो भाग त्या परिसरात न थांबता बाहेरच्या कारखानदाराकडे वा ठेकेदाराकडे निघून जातो, त्याला पर्यटनाच्या अभ्यासात गळती म्हणतात. वेफर्सच्या पाकिटाच्या किमतीतील अगदी थोडा अंश गावात राहतो. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा आणि ताक यांच्या थाळीतील बहुतांश पैसा ज्वारी, उडीद, वांगी पिकवणाऱ्या आणि ती रांधणाऱ्या घरांत राहतो. हरिश्चंद्रगडावर पाचनई-खिरेश्वरचे ग्रामस्थ पिठले-भाकरी देतात आणि अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत पाहुण्यांचे जेवण गावातील घरांतून होते, ही उदाहरणे सह्याद्रीत रुळलेली आहेत. अन्न सुरक्षा कायद्याखाली लहान उलाढालीच्या अन्नव्यावसायिकाला साधी नोंदणी पुरेशी असल्याने महिला बचत गटालाही हे काम आवाक्याबाहेरचे नाही. जेवणाची मागणी आदल्या दिवशी फोनवर कळवण्याचा नियम केला, तर नाशवंत मालाची अडचणही बहुतांशी सुटते, कारण जितकी ताटे तितकेच पीठ मळले जाते, आणि त्या ताटामागे एकही वेष्टन रानात जात नाही.

पाटणादेवीसारख्या ठिकाणी मुक्कामावर कपाट आणि पायथ्याच्या गावात स्वयंपाकघर अशी विभागणी त्यामुळे सर्वांत योग्य वाटते. ती प्रत्यक्षात उतरायची तर एका गोष्टीचा हिशेब आधी मांडावा लागेल. केदारकुंडाला गर्दी होते ती श्रावणात, आणि तेव्हाच शेतांत निंदणीची घाई असते. नवरात्रात यात्रेकरू येतात तेव्हा कपाशीची वेचणी सुरू झालेली असते. जी स्त्री पाहुण्यांसाठी तीस भाकरी थापायला घरी थांबते ती त्या दिवशीच्या मजुरीवर पाणी सोडते. म्हणून थाळीचा दर शहरातील खानावळीकडे पाहून किंवा पर्यटकाच्या ऐपतीकडे पाहून ठरवता येत नाही. त्या आठवड्यात निंदणीचा आणि वेचणीचा जो रोज चालू असेल, त्याहून चार पैसे अधिक तिच्या हाती पडतील असा तो बसवावा लागतो.