दोन आकारांचा रेणू

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातले लोह, एवढीच आपली बहुतेकांची ओळख. त्याची खरी करामत लोहाइतकीच आकारात आहे.

१९३८ साली प्रागमध्ये फेलिक्स हाउरोवित्झ हे रसायनशास्त्रज्ञ ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे षटकोनी स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काचेच्या कडेने हवा आत शिरली आणि त्यांच्यादेखत ते स्फटिक मोडून निराळ्याच आकाराचे लाल स्फटिक तयार झाले. वायू चिकटल्याने स्फटिक मोडतो, याचा अर्थ रेणूनेच आकार बदलला होता.

तो कसा, हे उलगडायला केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांना तीसहून अधिक वर्षे लागली. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या. प्रत्येकीत लोहाचा एक अणू. ऑक्सिजन नसताना रेणू ताठ असतो, ऑक्सिजनला सहजी धरत नाही. एका लोहाला ऑक्सिजन मिळाला की ते किंचित सरकते, साखळीला ओढते. अखेर साखळ्यांची एक जोडी दुसरीच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरते. मग उरलेल्या जागा ऑक्सिजन चटकन पकडतात. फुप्फुसात भरून घेणे आणि स्नायूंत सोडून देणे, ही दोन्ही कामे त्यामुळेच जमतात.

याच गुणाची दुसरी बाजू विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर दिसते. सिकलसेलमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. रेणूने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर या व्हॅलिनला मावेल अशी खाच तयार होते. रेणूला रेणू जुळून दोर वळले जातात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

मग रेणूला ऑक्सिजनयुक्त आकारातच धरून ठेवले तर? व्हॉक्सेलोटर हे औषध तेच करते. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढलेही. पण घट्ट धरलेला ऑक्सिजन स्नायूंना मिळणार कसा, हा आक्षेप आधीच घेतला गेला होता. पुढे वेदनेचे झटके व मृत्यू यांचे आकडे चिंताजनक दिसल्याने २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. त्यांचे नेमके कारण काहीही असो, रक्ततपासणीतला वाढलेला आकडा म्हणजे बरा झालेला रुग्ण नव्हे, हे यातून दिसले.

जुने हायड्रॉक्सियुरिया वेगळ्या वाटेने जाते. ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. हे हिमोग्लोबिन त्या दोरात सामील होत नाही आणि ऑक्सिजन घेणे-सोडणेही चालू राहते.