भीती रक्तात असते का?

2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्यांनी महिन्याच्या आत तीन जीव घेतले. त्यांत दोन लेकरं होती. लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागले. दौंडच्या ऊसपट्ट्यातही रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला निघताना पोटात गोळा येतो. ही भीती म्हणजे आजार नव्हे. पण प्रसंग सारखा डोळ्यांपुढे येणं, झोप उडणं, त्या बांधाकडे पाऊलच न वळणं, पाचट सळसळलं तरी दचकणं, हे महिना उलटूनही सुटलं नाही आणि कामधंदा अडू लागला, तर तो पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, असू शकतो.

मग कोणी म्हणतं, "त्यांच्या घराण्यातच आहे ते." यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त घातक. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धकाळातल्या जुळ्या सैनिकांच्या अभ्यासात, लक्षणांबाबत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला साधारण 30 टक्के आनुवंशिकतेशी जोडता आला. बापाला त्रास झाला म्हणून पोराला 30 टक्के धोका, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. 2024 साली बारा लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीतून जनुकसंचात 95 जागा सापडल्या. एकेकीचा वाटा चिमूटभर. 'पीटीएसडीचं जनुक' असं काही नसतं. शिवाय तपासलेली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची. तेव्हा रक्ताच्या रिपोर्टवरून सोयरीक मोडू नका.

खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पीटीएसडीचा आनुवंशिक धोका नैराश्य आणि चिंताविकाराच्या धोक्याशी मोठ्या प्रमाणात सामाईक आहे. आजीला नैराश्य, चुलत्याला चिंताविकार आणि हल्ला पाहिलेल्या नातवाला पीटीएसडी, असं एकाच घरात दिसू शकतं. म्हणजे सगळ्यांना 'वेड' लागणार असं नव्हे, आणि बाहेरचं लागलंय असंही नव्हे. डॉक्टरांना मात्र घरातला हा इतिहास जरूर सांगा. नैराश्याच्या रुग्णालाही 'काही भयंकर घडलं होतं का?' हे विचारलं गेलंच पाहिजे.

राहिला 'कच्च्या मनाचा' हा शिक्का. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या सुमारे 70 टक्के लोकांवर आयुष्यात कधी तरी असा आघात होऊ शकणारा प्रसंग येतो, पण पीटीएसडी होतो त्यांतल्या साधारण 5.6 टक्क्यांनाच. ज्यांना होतो ते भित्रे नसतात. मानसोपचाराने आणि गरज पडल्यास औषधांनी त्यांना बरं वाटू शकतं.

घरात असं कोणी असेल तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतून बोलता येतं.