बॉनेटला झरोका : कापणे सोपे, कड राखणे अवघड

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील प्रेस शॉपमध्ये पोलादी पत्र्याला छिद्र पाडण्यास निमिषभरही लागत नाही. वरून पंच येतो, खालच्या डायमध्ये तुकडा पडतो आणि पत्रा पुढे सरकतो. पिंपरीत टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६६ मध्ये आपला पुणे प्रकल्प उभारला. मार्च २००९ मध्ये चाकणला फोक्सवागेनच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि तेथे पत्र्याच्या दाबकामापासून गाडीच्या अंतिम जोडणीपर्यंतची सारी कामे एकाच आवारात होऊ लागली. त्यामुळे या परिसरातील कित्येक घरांत डाय, पंच, क्लिअरन्स हे शब्द जेवणाच्या पानावरही ऐकू येतात. साहजिकच, स्वतःच्या मोटारीच्या बॉनेटला नीटनेटका झरोका पाडणे हे रविवारच्या सुटीतले काम आहे, असे अनेकांना वाटते.

कापण्यापुरते ते खरेही आहे. मात्र कारखान्यातील आणि घरातील कामात एक मूलभूत फरक आहे. कारखान्यात छिद्र आधी पाडले जाते आणि रंग नंतर चढतो. घरी रंग आधीच चढलेला असतो आणि छिद्र नंतर पडते. बॉनेट टिकणार की दोन पावसाळ्यांत गंजणार, हे या उलट्या क्रमावर ठरते.

झरोका कशासाठी?

बॉनेटला उघडी जागा ठेवण्याची कारणे दोन. एक, बाहेरची थंड हवा आत घेणे आणि दुसरे, इंजिनाभोवती कोंडलेली गरम हवा बाहेर सोडणे. भारतात २००९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या टोयोटा फॉर्च्युनरच्या बॉनेटवर पुढे तोंड केलेला उंचवटा होता. टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर इंजिनाच्या माथ्यावर असल्याने त्याला तेथून वारा मिळे. ज्या गाडीचा इंटरकूलर समोर, रेडिएटरलगत आहे तिला असा उंचवटा लावणे ही निव्वळ सजावट होय.

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला मिळणाऱ्या दाबाचा ताशी २० किलोमीटरला केवळ सोळावा हिस्सा उरतो. नाशिक फाटा ते चाकण या मार्गावरील नेहमीच्या कोंडीत, पुढे तोंड केलेल्या झरोक्यातून हवा आत शिरण्याची आशा धरू नये. गरम हवा मात्र हलकी असल्याने गाडी उभी असतानाही वर जाते. म्हणून शहरात वापरल्या जाणाऱ्या गाडीला हवा बाहेर सोडणारा झरोकाच अधिक उपयोगी ठरतो.

त्याची जागाही महत्त्वाची. गाडी धावत असताना बॉनेटच्या पुढच्या भागावर हवेचा दाब सर्वसाधारणपणे कमी असतो, तर समोरच्या काचेच्या पायथ्याशी तो जास्त असतो. गरम हवा बाहेर काढणारा झरोका म्हणूनच रेडिएटरच्या लगेच मागे, पुढच्या भागात असावा. काचेजवळ पाडलेल्या झरोक्यातून धावत्या गाडीत हवा उलट आत शिरते. इंजिन वारंवार तापत असेल, तर आधी कूलंट, थर्मोस्टॅट, पंखा आणि रेडिएटर तपासून घ्यावा. त्यांतील दोषावर बॉनेट कापणे हा उपाय नव्हे.

कायदा आणि सुरक्षितता

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांवर मर्यादा घालते. उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. रस्त्यावर चालवायच्या गाडीचे बॉनेट कापण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. वॉरंटी शिल्लक असल्यास तिच्या अटी वाचाव्यात. शर्यतीच्या, प्रदर्शनाच्या किंवा खासगी जागेतच फिरणाऱ्या गाडीचा प्रश्न वेगळा.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. बॉनेट हे केवळ झाकण नसते. वरच्या सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याखाली फासळ्यांचा दुसरा पत्रा असतो. वरच्या पत्र्याची कड त्यावर दुमडलेली असते आणि मध्ये जागोजागी चिकट थर दिलेला असतो. समोरून धडक बसल्यास बॉनेट काचेतून आत न घुसता मध्येच दुमडावे आणि पादचाऱ्याचे डोके आदळल्यास ते खाली दबावे, असा या रचनेचा हेतू असतो. कुलपाचा आकडा, बिजागऱ्या आणि मुख्य फासळ्या यांना म्हणूनच अजिबात हात लावू नये. दोन फासळ्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीतच झरोका बसवावा. तो तेथे मावत नसेल, तर त्याचा आकार लहान करावा, फासळी कापू नये.

कापण्याची रीत

बॉनेट गाडीवर असताना कापू नये. धातूचे कण अल्टरनेटरमध्ये आणि विजेच्या जोडांत पडतात. बिजागरीची जागा पेन्सिलीने आखून, दोघांनी मिळून बॉनेट उतरवावे आणि जाड गोधडीवर ठेवावे. मूळ बॉनेटला हात लावण्यापूर्वी भंगारातले एखादे बॉनेट सरावासाठी मिळवावे, हे उत्तम. ते उलटे करून पाहिले की फासळ्यांची मांडणीही कळते.

आधी जाड पुठ्ठ्याचा साचा करावा. बॉनेटची मध्यरेषा दोन्ही बाजूंनी मोजून काढावी, कारण डोळ्याला सरळ वाटणारी रेषा पुष्कळदा एका अंगाला झुकलेली असते. कापायच्या भागावर मास्किंग टेपचे दोन थर लावून त्यावर आखणी करावी. चार कोपऱ्यांवर बारीक छिद्र पाडून खालच्या बाजूने पाहावे. फासळी आड येते का, हे तेव्हाच समजते.

कोपरे काटकोनी ठेवू नयेत. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि इंजिनाच्या थरथरीने तेथून पत्र्याला तडा जातो. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोलाकार असतात ते याच कारणासाठी. प्रत्येक कोपऱ्यावर होल सॉने किमान १० मिलिमीटर त्रिज्येचे छिद्र पाडावे आणि मग ती छिद्रे सरळ रेषांनी जोडावीत.

घरगुती कामात सर्वांत हाताशी असते ते ग्राइंडर. परंतु त्याच्या चकतीने पत्रा तापतो, कडेचा रंग करपतो आणि उडालेल्या ठिणग्या शेजारच्या रंगात व काचेत रुततात. पहिल्या पावसानंतर त्या जागी तांबूस ठिपके उमटतात. जिगसॉची अडचण निराळी आहे. करवत सुरळीत चालण्यासाठी तिचे किमान दोन दाते एका वेळी पत्र्याच्या जाडीत असावे लागतात. इंचाला ३२ दाते असलेल्या पात्यातही दोन दातांमधील अंतर सुमारे ०.८ मिलिमीटर भरते, म्हणजे बॉनेटच्या पत्र्याहून जास्त. त्यामुळे पाते अडखळते आणि पत्रा फडफडतो. खालून पातळ प्लायवूड घट्ट आवळल्यास हा त्रास बराच कमी होतो.

या कामाला सर्वांत योग्य हत्यार म्हणजे निबलर. ते पत्र्याचे लहान लहान घास घेत पुढे जाते. प्रेस शॉपमधील पंच आणि डाय यांचेच हे धाकटे रूप होय. उष्णता होत नाही आणि कड वाकत नाही. हत्यार कोणतेही असो, आखलेल्या रेषेच्या दोन मिलिमीटर आतूनच कापावे आणि उरलेला पत्रा कानशीने घासून रेषेपर्यंत आणावा. कापण्यातून ओबडधोबड कड मिळते, सफाई कानस देते. डोळ्यांवर गॉगल आणि हातात जाड मोजे हवेतच.

खरी परीक्षा कडेची

कारखान्यात बॉनेट तयार झाल्यावर फॉस्फेटच्या आणि नंतर विद्युतभारित प्रायमरच्या हौदात पूर्ण बुडवले जाते आणि भट्टीत भाजले जाते. छिद्राच्या कडेवर, दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीतही तो थर पोहोचतो. घरी कापलेल्या कडेला हे कवच मिळत नाही. तेथे उघडे पोलाद असते आणि त्याशेजारीच पाणी धरून ठेवणारी फट.

कानशीचे काम संपल्यावर कडेला उरलेले धातूचे काटे, ज्यांना कामगार ‘बर’ म्हणतात, ते बारीक पॉलिश पेपरने काढावेत. धारदार टोकावर रंग पातळ बसतो, म्हणून कड किंचित गोलसर करावी. मग थिनरने तेलकटपणा पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा, कारण दमट हवेत उघडे पोलाद एका रात्रीतही गंज धरते. प्रायमर वाळल्यावर दोन पत्र्यांमधील फट सीम सीलरने बुजवावी आणि मग रंगाचे थर द्यावेत. यू आकाराची रबरी पट्टी सर्वांत शेवटी बसवावी. कच्च्या कडेवर थेट बसवलेली पट्टी दिसते छान, पण तिच्या पोटात पाणी साठते आणि गंज आतल्या आत पसरतो.

झरोक्यावर जाळी लावल्याने पाने अडतील, पाणी अडणार नाही. खाली बॅटरी, फ्यूजची पेटी किंवा एअर फिल्टरचे तोंड येत असेल, तर पाणी बाजूला वळवणारी पन्हळ बसवणे अपरिहार्य आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर रबरी पट्टी उचलून कड तपासावी. रंग फुगलेला दिसला, तर तेवढा भाग घासून पुन्हा प्रायमर द्यावा. त्या वेळी दुर्लक्ष झाल्यास पुढच्या वर्षी नवे बॉनेट शोधावे लागते.