शनिवारच्या आनंदाची कैफियत

मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला, तेव्हापासून आमच्या सिहोरा गावाच्या आसपासच्या शाळांतूनही प्राणायाम, ध्यान, रस्तेसुरक्षा, आपत्तिव्यवस्थापन, पैशाचे व्यवहार आणि नातेसंबंध हाताळण्याचे कौशल्य हे सारे पदार्थ एकाच सकाळी एकाच ताटात वाढले जातात, आणि त्याचे छायाचित्र मोबाइलवरून वर रवाना झाले की त्या शनिवारचा आनंद दप्तरी दाखल होतो. हुकमाच्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. मुलाच्या मनावरचा ताण शासनाच्या ध्यानी यावा, हे चांगलेच आहे. परंतु ज्याने या तालुक्यात शिक्षकी करून निवृत्ती घेतली, त्याला हे बोचल्यावाचून राहत नाही की, जे काल-परवा याच वर्गांतून नित्य चालत होते ते आज नवा शोध म्हणून पुन्हा रुजू होत आहे.

ते चालू होण्याआधीच्या वर्षांविषयी विस्ताराने लिहावे असे फारसे नाही. जिल्हा परिषदांपूर्वीच्या जनपद सभेच्या शाळा मी वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, पाट्या बदलल्या, छडी मात्र पूर्ववत राहिली. नव्वदीच्या उत्तरार्धात मूल्यशिक्षण आले. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वक्तशीरपणा, सौजन्यशीलता अशी दहा मूल्ये भिंतीवर रंगली, परिपाठात रोज एका सुविचाराची भर पडली, आणि संवेदनशीलतेच्या त्या रंगीत अक्षरांखालीच कित्येक पोरांनी कान धरून उठाबशा काढल्या. अमेरिकेत त्याच दशकात डॅनिअल गोलमन यांच्या पुस्तकाने भावनिक बुद्धिमत्तेची चर्चा घरोघर नेली होती म्हणतात. तिची वार्ता आमच्या बावनथडी नदीच्या काठापर्यंत यायला बराच अवकाश होता.

खरा काळ २००९ नंतरचा. शिक्षणहक्क कायदा त्या वर्षी संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. “आता पोरं डोक्यावर बसतील,” असे भाकीत तेव्हा ज्या सहकाऱ्यांनी केले, त्यांची पोरे डोक्यावर बसली नाहीत; छडीवाचून करायचे काय, हा प्रश्न तेवढा त्यांच्यापुढे उभा राहिला, आणि तो कित्येकांना निवृत्तीपर्यंत सुटला नाही. त्याच २००९ साली शांतिलाल मुथ्था यांच्या प्रतिष्ठानाने बीड जिल्ह्यातील पाचशे शाळांतून ‘मूल्यवर्धन’ या नावाचे मूल्यशिक्षण आरंभले होते. पुढे शासनाशी करार होऊन ते राज्यभरच्या जिल्हा परिषद शाळांत पसरत आमच्याकडेही पोहोचले.

त्यात उपदेश जवळजवळ नव्हता, हीच मला त्याची थोरवी वाटली. वर्गाचे नियम मुलांनीच ठरवायचे. आधी जोडीत बोलायचे, मग चौघांच्या गटात, मग सर्वांसमोर. आणि सर्वांसमोर आपले नव्हे, तर जोडीदाराचे सांगायचे. यातले शेवटचे कलम ऐकायला किरकोळ वाटते, परंतु दुसऱ्याचे सांगायचे म्हणजे ते आधी नीट ऐकावे लागते. आमच्या मुलांपैकी बरीच घरी पोवारी बोलणारी, काही झाडीबोली बोलणारी. पुस्तकी मराठीत ती गप्प असत, जोडीत मात्र मोकळी होत.

तिसरीतला एक पोरगा इतरांच्या वह्या फाडी. बाप नागपूरला इमारतींच्या कामावर गेलेला, आई दिवसभर भाताच्या रोवणीला बांधीत. हे मला ठाऊक होते, वर्गाला नव्हते. ‘मला वाईट केव्हा वाटले’ या विषयावर त्याने जोडीदारिणीला पोवारीत पुष्कळ काही सांगितले. बाजूला उभा असल्याने त्यातले निम्मेअधिक माझ्या कानी पडले, आणि ते बापाविषयी होते. ती मुलगी वर्गापुढे उभी राहिली, क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “याची शेळी मेली, त्याचं याला वाईट वाटलं.” बापाचा विषय तिने काढलाच नाही. काय सांगावे आणि काय झाकावे हा विवेक तिला कोणी शिकवला होता, हे मी आजही सांगू शकणार नाही. पण त्यानंतर तो तिच्याच शेजारी बसू लागला आणि वह्या फाडण्याचा प्रकार दिवाळी येण्याआधीच थांबला.

ही हकीकत नोंदवायला मात्र कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता. सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत मी त्या मुलीच्या नावापुढे ‘इतरांच्या भावनांचा आदर करते’ असे लिहिले. तेच वाक्य शेजारच्या वर्गात सर्व मुलांच्या नावापुढे एका हस्ताक्षरात उतरले होते. एका भेटीत आलेल्या अधिकाऱ्यांनी मुले जोडीत बोलताना पाहिली आणि शेरेपुस्तकात ‘वर्गात गोंगाट, शिस्तीकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारला. त्याच गृहस्थांनी पुढे मूल्यवर्धनाच्या एका मेळाव्यात भावनिक विकासावर दीर्घ भाषण केले, हे मी विसरलेलो नाही. मेळावे आले, तसा कामाचा ओघ वर्गाकडून मंडपाकडे वळला.

त्या कार्याचा पाया खरे तर मुलांची ओळख हा होता, आणि तो २०१७ नंतरच्या ऑनलाइन बदल्यांत हलला. वशिल्याच्या बदल्यांपेक्षा ही पद्धत न्याय्य, यात शंका नाही. परंतु कोणाचा बाप परगावी आहे, कोण घरी लहान भावंडाला सांभाळून येते, हे ज्याला ठाऊक असते तो गुरुजी यादीतला एक क्रमांक होऊन दुसऱ्या टोकाला जातो आणि त्याच्या जागी येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. पुढे मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. त्या उघडल्या तेव्हा पाठीमागे पडलेले वाचन-गणित भरून काढण्याची घाई एवढी होती की मुलांना जोडीत बसवून बोलते करण्यास कोणाला सवड उरली नाही.

ती सवड आजही नाही. साठपर्यंत पट असेल तर चौथीपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक, असा शिक्षणहक्क कायद्याचाच हिशेब आहे. त्या दोघांपैकी एकाला ऑनलाइन माहिती भरण्यास बसवले की उरलेला एकटा चारही वर्गांचा शनिवार आनंददायी करतो. पहिलीत मुले घेणारा शिक्षक निदान चौथीपर्यंत त्यांच्याबरोबर राहू द्यावा, असा अर्ज मी निवृत्तीपूर्वी वरिष्ठांकडे केला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर अद्याप नाही.