घरचा कूलर, घरचाच कारागीर

चैत्र सरत आला की यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा आपल्या गावांतून घराघरांतला कारागीर जागा होतो. कूलरचा पत्र्याचा सांगाडा खाली उतरतो, अंगणभर पसारा मांडला जातो आणि एरवी भिंतीला खिळासुद्धा न ठोकणारे यजमान पान्हा-पक्कड घेऊन बसतात! आपल्या वऱ्हाडात कूलर ही नुसती वस्तू नाही, तो एक छंदच आहे. कुणी प्लॅस्टिकच्या जुन्या पिंपाला खिडक्या कापून कूलर करतो, कुणी फ्लशच्या टाकीतला बॉलकॉक बसवून पाणी आपोआप भरण्याची सोय करतो, तर कुणी स्टँडला चाके लावतो.

या हौसेला हसू नये. वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर गेला की हीच हौस घराला तारते. पण मैत्रिणींनो, कूलर जोडणारे हात एकाचे आणि भर दुपारी ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्यात पाणी ओतणारे हात बहुधा आपले! म्हणून या यंत्राची नाडी आपल्यालाही कळायला हवी.

थंडावा येतो कुठून?

पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी उडून जाताना जवळजवळ दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. कूलरमध्ये वीज लागते ती फक्त पंखा आणि छोटा पंप फिरवायला. म्हणून बिल बेताचे येते. मात्र त्यासाठी हवा कोरडी हवी. मुंबईच्या नणंदेला कूलरचे कौतुक वाटत नाही ते याचमुळे, आणि मृगाचा पाऊस पडला की आपला कूलरही नुसता चिकचिकाट करतो.

बिनखर्चाच्या सुधारणा

कूलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या बंद करू नका. तो खिडकीबाहेर, सावलीत बसवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. दमट हवा बाहेर गेली तरच गारवा टिकतो.

बोअरच्या पाण्यातले क्षार ताट्यांवर पांढरा थर धरतात आणि नळीची भोके बुजवतात. पंपाला जुन्या नायलॉनच्या मोज्याची पिशवी बांधा, भोके सुईने मोकळी करा. काढलेले पाणी फेकू नका, फरशी पुसायला घ्या. २०१८ साली यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय सोसले, ते आपण विसरलेलो नाही.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासून काढा. नुसते पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात.

इथे हौस नको

दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणी दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. पत्र्याचा सांगाडा, आत पाणी, खाली ओली फरशी. वायरीचे आवरण एके ठिकाणी जरी विरले, तरी सगळा पत्रा करंट धरतो. म्हणून घरच्या कारागिराला चार अटी घाला :

१. प्लग तीन पिनांचाच हवा आणि अर्थिंगची वायर पत्र्याला घट्ट जोडलेली हवी. सॉकेटमध्ये अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्या.

२. पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण नव्हे, प्लगच काढायचा. बटण चुकीच्या वायरीवर बसले असेल, तर पंखा थांबूनही आत करंट राहतो.

३. घरात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवा. करंट गळू लागताच तो क्षणात वीज तोडतो.

४. पंपाच्या वायरीला पाण्यात किंवा पाण्याजवळ जोड नको. टेपपट्टी गुंडाळून भागत नाही, वायर अखंड घ्या.

आणि कुणी चिकटलेच, तर धावत जाऊन हात लावू नका! आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्या व्यक्तीला दूर ढकला आणि लगेच १०८ ला फोन करा.

एक प्रयोग आपलाही

सगळी गंमत पुरुषांनीच का करावी? एका मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मडके ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवा. मडक्यात कोथिंबीर, पालक, टोमॅटो ठेवून वर ओले फडके घाला आणि वारा लागेल अशा सावलीत ठेवा. भाजी बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. दूध मात्र त्याच्या भरवशावर ठेवू नका. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी हीच मडकी खेडोपाडी पोहोचवली आणि २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. या प्रयोगाला ना वीज लागते, ना शॉकची भीती. यंदा करून तर बघा!