टाकळीचे शंख आणि उत्पत्तीचे सहा दिवस

नागपूरच्या पश्चिमेला टाकळीची टेकडी आहे. १८५१च्या सुमारास तिथल्या काळ्या दगडात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. ते खडकाच्या दोन थरांमधल्या गाळाच्या पट्ट्यात दडलेले होते. खाली लाव्हाचा थर, वर लाव्हाचा थर आणि मध्ये एका जुन्या तळ्याचा गाळ. याचा अर्थ असा, की लाव्हा आला, थंड झाला, त्यावर पाणी साचले, त्या पाण्यात जीव जन्मले आणि मेले, आणि मगच पुढचा लाव्हा आला. चार-दोन दिवसांत होणारी ही गोष्ट नाही. सिलेवाड्याच्या वालुकाश्मातून त्यांनी वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले आणि नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ज्या हिस्लॉपचे नाव आज नागपुरातल्या कॉलेजला आहे, तो बायबलबाबत ढिला माणूस नव्हता. १८४३ साली स्कॉटलंडच्या सरकारी चर्चमधून पगार आणि घरे सोडून जे पाळक बाहेर पडले, त्यांनी काढलेल्या फ्री चर्चचा तो मिशनरी. त्या काळच्या ख्रिस्ती जगात पवित्र शास्त्राला इतके काटेकोरपणे धरणारे पंथ थोडेच होते.

मग बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात जग घडवल्याचे जे सहा दिवस आहेत, त्यांचे काय? आपला आजचा समज असा, की शास्त्रनिष्ठ ख्रिस्ती माणूस पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणार, आणि जो तसे मानत नाही त्याची निष्ठा पातळ. फ्री चर्चच्या इतिहासात हे बसत नाही. त्या चर्चचे पहिले मॉडरेटर थॉमस चामर्स १८१४ पासून सांगत होते, की उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये हवा तेवढा काळ मावतो. त्याच चर्चचे खंदे पत्रकार ह्यू मिलर हे स्वतः नावाजलेले भूवैज्ञानिक. त्यांच्या मते शास्त्रातला दिवस म्हणजे एक दीर्घ युग. पुढे १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत ‘द फंडामेंटल्स’ ही पुस्तकमाला निघाली, जिच्यावरून ‘फंडामेंटालिस्ट’ हा शब्द रूढ झाला. तिच्यातही ग्लासगोचे धर्मशास्त्रज्ञ जेम्स ऑर यांनी पृथ्वीचे मोठे वय खुशाल मान्य केले आहे. चोवीस तासांचे सहा दिवस ही निष्ठेची कसोटी ठरली ती बरीच नंतर, मुख्यतः १९६१ साली व्हिटकॉम आणि मॉरिस या अमेरिकन लेखकांचे ‘द जेनेसिस फ्लड’ आल्यावर. म्हणजे आज ज्याला ‘बापजाद्यांचा विश्वास’ म्हणून मिरवले जाते, ते हिस्लॉपच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी रुजले.

हा मुद्दा विदर्भात मांडायला कारण आहे. भारतातल्या शास्त्रनिष्ठ प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास इथूनच जातो. इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया १९५१ साली अकोल्यात स्थापन झाली. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला उभी राहिली आणि १९८३ साली पुण्याला गेली. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस या तुलनेने उदार संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. पवित्र शास्त्राचा शब्द अखेरचा, ही भूमिका या मुलखात घरोघरी आहे, आणि मला ती आदरणीय वाटते. माझे म्हणणे इतकेच, की आधुनिक समाजाशी वाद घालताना या मंडळ्या शास्त्र म्हणून जे जपतात, त्यातले शास्त्रातले किती आणि एखाद्या विशिष्ट काळाचे, विशेषतः व्हिक्टोरियन इंग्लंडचे किती, हे त्यांनी स्वतःच्याच कसोटीवर तपासून पाहावे. शास्त्र सर्वांत वर असेल, तर चालीरीतीला त्याच्या पंक्तीला बसवता येत नाही.

घटस्फोटाचा कायदा घ्या. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असे काहीतरी दाखवावे लागे. मारहाण सोसलेली, टाकून दिलेली बाईसुद्धा व्यभिचाराचा पुरावा हाती नसेल तर अडकून पडायची. कित्येक पिढ्या हा ‘ख्रिस्ती कायदा’ म्हणून चालला. पण तो आला कुठून? इंग्लंडच्या १८५७च्या विवाहविषयक कायद्यातून. इंग्लंडने स्वतः तो भेदभाव १९२३ साली काढून टाकला, आपल्याकडे तो २००१ पर्यंत राहिला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्रगती वर्गीस खटल्यात त्यावर घाव घातला, मग संसदेने कायदा बदलला. मत्तयाच्या शुभवर्तमानात घटस्फोटावर कडक बंधन आहे, हे खरे. पण मार्काच्या शुभवर्तमानात ते नवऱ्याला आणि बायकोला सारखेच लावले आहे, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल नवरा-बायकोचा एकमेकांच्या शरीरावर सारखाच हक्क सांगतो. बायकोने दुप्पट पुरावा आणावा, हे शास्त्रात कुठेही नाही. शास्त्र काटेकोरपणे वाचणाऱ्यानेच या कायद्यावर सगळ्यांत आधी बोट ठेवायला हवे होते.

समलिंगी संबंधांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इथे शास्त्रनिष्ठ वाचकाची भूमिका खरोखर शास्त्रातल्या उताऱ्यांवर उभी आहे, व्हिक्टोरियन रूढीवर नाही. ते उतारे नेमके कशाबद्दल आहेत, यावर विद्वानांत वाद आहेत, पण त्या वाचकाच्या मनातला आक्षेप प्रामाणिक आहे. असे संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ ही मात्र वेगळी गोष्ट. ते १८६० च्या दंडसंहितेतले, इंग्रजांचे. हे संबंध गुन्हा नाहीत असे सांगणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. त्या प्रत्यक्षात मंडळीची शिस्त राखत नव्हत्या, सरकारच्या तुरुंगाची बाजू घेत होत्या. करिंथकरांच्या त्याच पत्रात पौल म्हणतो, की बाहेरच्यांचा न्याय करणे हे मंडळीचे काम नव्हे. आपल्या सभासदांनी कसे वागावे हे मंडळी ठरवू शकते. देशातल्या इतरांना कोठडीत टाकायचा आग्रह तिने कोणत्या वचनावर धरावा?

यावर नेहमीचे उत्तर येते, आणि ते टाळून जमणार नाही. आज सहा दिवसांचा अर्थ बदलला, उद्या स्त्रीच्या स्थानाचा, परवा येशूच्या पुनरुत्थानाचाही बदलाल. मग विश्वास उरला कुठे? ही भीती खरी आहे. जो समाज संख्येने लहान आहे आणि ज्याच्याकडे सतत संशयाने पाहिले जाते, त्याला प्रत्येक बदल म्हणजे शरणागती वाटणे स्वाभाविक आहे. पण चामर्स आणि मिलर यांनी केले ते वेगळे होते. शास्त्र चुकले, असे ते म्हणाले नाहीत. शास्त्र इथे नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. पुनरुत्थानाबद्दल पौल साक्षीदारांची यादी देतो, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत असे बजावतो. उत्पत्तीचा पहिला अध्याय असा दाखला देत नाही, त्याची रचनाच निराळी आहे. दोन्ही मजकूर एकाच मापाने मोजायचे, म्हणजे दोन्हींकडे नीट न पाहणे.

दुसरा आक्षेप समोरच्या बाजूने येतो. अर्थ असा बदलायचाच असेल, तर जुना ग्रंथ उराशी कशाला धरायचा? याला पंडिता रमाबाईंचे आयुष्य हे उत्तर आहे. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या अँग्लिकन भगिनींशी त्यांचा पत्रांतून खडाजंगीचा वाद झाला, कारण चर्च सांगेल ते निमूट मानायला त्या तयार नव्हत्या. शास्त्र आपण स्वतः वाचणार, हा त्यांचा हट्ट होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. शास्त्राचा अधिकार मानणारी बाई बिशपांपुढेही झुकली नाही आणि मायभूमीतल्या शास्त्री-पंडितांपुढेही. ग्रंथाला अधिकार नसेल तर बलवानांच्या मताविरुद्ध दुबळ्याने बोट कुठे ठेवायचे?

शास्त्राला धरून राहूनही वेगळे वाचन सामावून घेता येते, याचे एक उदाहरण नागपुरात घडलेही आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. त्यासाठीच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. त्यात सर्वांत चिवट गाठ बाप्तिस्म्याची होती. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन म्हणत, की शास्त्रात आधी विश्वास येतो आणि मग पाणी. कोणीही आपले वाचन सोडले नाही. दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये मान्य झाल्या, आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या कोणी मोठेपणी तो पुन्हा मागितला, तर तो प्रश्न बिशपांपुढे जावा असे ठरले. अमेरिकन परंपरेतले मेथॉडिस्ट शेवटच्या क्षणी बाहेर राहिले, हेही नमूद केले पाहिजे. तरी जे आत आले ते बाप्तिस्म्यासारख्या मूळ संस्काराबद्दल एकमत नसताना एका वेदीभोवती बसले. वाचनाचा असाच फरक आज स्त्रियांबाबत आहे. स्त्रीने पाळक व्हावे की नाही, या प्रश्नावर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने होकार दिला आहे, तर इतर अनेक शास्त्रनिष्ठ मंडळ्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार घेऊन अजून नकार देतात. त्यांनी त्या पत्राच्या शेजारी रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्यायही उघडून ठेवावा. तिथे पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिची नावानिशी शिफारस करतो.