काजव्यांची लय

सिटी सेंटरमध्ये संध्याकाळची शिकवणी घ्यायची तर आधी खिडक्यांचे पडदे ओढावे लागतात. समोरच्या दुकानांच्या पाट्यांवर दिव्यांचा नाच चाललेला असतो आणि मुलांचे लक्ष तिकडेच. अशा उजेडात राहणाऱ्या मला गेल्या वर्षी खरा अंधार पाहण्याचा योग आला. भाची क्वालालंपूरला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, “मामा, तुम्हाला एक मैफल दाखवते.”

तेथून वायव्येला, सेलांगोर नदीच्या मुखाजवळ, कांपुंग क्वांतान नावाचे खेडे आहे. रात्री तेथून वल्ह्याच्या लहान होड्या निघतात. एंजिन नाही, दिवा नाही, बोलणेही कुजबुजत. काठावर बेरेंबांगची झाडे, आपल्या कोकणातल्या चिपीच्या जातकुळीतली. आपल्याकडे भंडारदऱ्याला काजवे दिसतात ते मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडावर. इथे मात्र ते बारमाही.

प्रथम नुसती चमचम दिसली. डोळा स्थिरावला तेव्हा ध्यानात आले की, सबंध झाड एकदम उजळते आणि एकदम विझते, सेकंदाला सुमारे तीनदा! माझा हात नकळत मांडीवर ठेका धरू लागला. पण या मैफलीत ठेका देणारा कोण?

कोणीच नाही. अमेरिकेच्या बक दांपत्याने थायलंडमधल्या याच कुळीच्या काजव्यांचा अभ्यास करून 1968 साली तो प्रसिद्ध केला. बँकॉकच्या हॉटेलातल्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी काजवे सोडले, तेव्हा जवळजवळ बसलेले दोघेतिघे आधी एका लयीत आले. प्रत्येक नराच्या अंगात स्वतःची लय असते; शेजाऱ्याची चमक पाहून तो ती सावरून घेतो, इतकेच. मात्र त्यासाठी शेजारी दिसायला हवा. काठावर झगझगीत दिवे आले की तो दिसत नाही. आणि काठाची झाडी तोडून ओल गेली, तर त्या चिखलातल्या गोगलगायींवर वाढणाऱ्या अळ्याच उरत नाहीत; मग मैफल कुठली?

वडील म्हणत, “सम बोटांवर मोजू नका, शेजाऱ्याच्या गळ्यात ऐका.” त्याचा अर्थ मला त्या होडीत नीट कळला. आज माझ्या शिष्यांच्या मोबाइलमध्ये तबला आहे. तो कधी चुकत नाही; पण कोणासाठी थांबतही नाही.

परत आल्यावर एका संध्याकाळी मी मोबाइल बंद करवले, खोलीतला दिवाही मालवला आणि पाच मुलांना यमनची बंदिश एकत्र म्हणायला लावली. पहिली दोन आवर्तने सगळे विस्कळीत. तिसऱ्यात एक मुलगा समेला मागे राहिला. शेजारच्या मुलीने स्वर किंचित लांबवला आणि त्याला सोबत घेतले. तिला तसे कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही पंधरा मिनिटे अंधारात गातो.